नेमकं घाबरायचं कशाला?

1968 च्या उन्हाळ्यात अटलांटिक महासागरात, केप व्हर्दे बेटांच्या परिसरात, एक 29 वर्षांचा दर्यावर्दी आपल्याच नावेखाली बुड्या मारत होता. नाव 32 फुटांची. तळाच्या सांध्यातून पाणी आत येत होतं आणि मदतीला हाक मारावी असं आसपास कुणी नव्हतं. फटीत कापूस ठासायचा तर एका दमात तो बसत नव्हता, आणि श्वास घेऊन पुन्हा खाली जावं तर ठासलेला कापूस निघालेला असे. शेवटी त्यानं कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवला, वर डांबर फासलं, तांब्याच्या चुका आधीच पट्टीत टोचून घेतल्या आणि खाली जाऊन ती ठोकली. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला. तो हटेना म्हणून गड्यानं वर येऊन रायफल काढली, शार्कचा निकाल लावला, रक्ताच्या वासावर त्याचे भाऊबंद येत नाहीत ना याची वाट पाहिली आणि राहिलेलं काम पुरं करायला पुन्हा पाण्यात उतरला.

हा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. नावेचं नाव ‘सुहैली’, आणि ती आपल्या मुंबईची. मुंबईच्या कारागिरांनी हातहत्यारांनी सागवानात घडवलेल्या या नावेतून तो 14 जून 1968 ला इंग्लंडमधल्या फालमथहून निघाला आणि 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 ला, तिथेच परतला. कुठेही न थांबता एकट्यानं पृथ्वीला शिडाच्या नावेतून प्रदक्षिणा घालणारा पहिला माणूस. ही सफर एका शर्यतीचा भाग होती. तीत नऊ जण उतरले होते; पूर्ण केली ती यानं एकट्यानं.

शार्कचा प्रसंग ऐकून आपल्या अंगावर काटा येतो. पण त्याच्या त्या दिवसाचा हिशेब मांडला तर शार्कला मिळाली थोडीशी मिनिटं. बाकी सगळा वेळ कापूस, डांबर आणि चुकांना. छोट्या नावेतून महासागर ओलांडणाऱ्यांच्या हकिकती वाचताना हे प्रमाण वारंवार दिसतं. किनाऱ्यावरच्या माणसाच्या मनातली भीतीची यादी वेगळी असते: वादळ, देवमासे, अथांग खोली, एकटेपण. प्रत्यक्ष समुद्रावर छळणारी यादी वेगळी: घासून झिजलेला दोर, दूषित झालेलं पिण्याचं पाणी, अपुरी झोप, ऐन वेळी न चालणारं सुकाणू. पहिल्या यादीतल्या गोष्टींवर इलाज फारसा नसतो. दुसरीवर असतो, फक्त तो किनाऱ्यावर असतानाच करावा लागतो.

या मंडळींना हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, रात्री कुठे थांबता? महासागराची सरासरी खोली साडेतीन किलोमीटरच्या वर. तिथे नांगर टाकायचा तो कशावर? नाव रात्रंदिवस चालतच राहते. माणसं दोनचार असतील तर पाळ्या लावून जागतात. एकटा असेल तो तुकड्यातुकड्यानं झोपतो, आणि त्या तुकड्यांचा हिशेब रोकडा असतो. समोरून वीस नॉटच्या वेगानं मालवाहू जहाज येत असेल आणि आपण पाच नॉटनं त्याच्याकडे जात असू, तर मधले आठ सागरी मैल जेमतेम वीस मिनिटांत संपतात. म्हणून गजर वीस मिनिटांचा किंवा त्याहून कमी. हल्ली आसपासच्या जहाजांची जागा दाखवणारं उपकरण छोट्या नावांवरही असतं, तरी डोळ्यांनी क्षितिज पाहण्याची सवय सुटत नाही.

ती का सुटू नये हे ऑस्ट्रेलियाच्या जेसिका वॉटसनकडून कळतं. सोळा वर्षांची ही मुलगी 2009 च्या सप्टेंबरात सराव-सफरीवर निघाली आणि पहिल्याच रात्री, डुलकी घेत असताना, तिची 34 फुटी गुलाबी नाव 63 हजार टनी जहाजाला धडकली. डोलकाठी मोडली. वर्तमानपत्रांनी तिच्या आईवडिलांना धारेवर धरलं. पुढच्याच महिन्यात, दुरुस्त केलेल्या नावेतून, ती खऱ्या सफरीला, एकटीच जगाच्या फेरीला, निघाली आणि मे 2010 मध्ये सतराव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी सिडनीला परतली. सराव-सफरीचा उपयोग हाच. चुका घराजवळ होतात.

वादळाचं म्हणाल तर 1979 च्या ऑगस्टमधली ‘फास्टनेट’ शर्यत अजूनही शिकवण्याचा धडा आहे. इंग्लंड-आयर्लंडमधल्या समुद्रात तीनशेच्या वर नावा वादळात सापडल्या आणि 15 शर्यतकरी दगावले. चौकशीत पुढे आलेली एक गोष्ट मात्र भल्याभल्यांना चक्रावून गेली. माणसांनी सोडून दिलेल्या 24 नावांपैकी बुडाल्या पाचच; उरलेल्या एकोणीस नंतर तरंगताना सापडल्या. रबरी तराफा फुगवून त्यात उडी मारणं सुरक्षित वाटलं होतं, आणि काहींच्या बाबतीत तराफाच उलटला किंवा फाटला. तेव्हापासून नवशिक्यांना सांगितलं जातं की नाव इतकी बुडू द्या की तराफ्यात जायला पाऊल वर उचलावं लागेल. ऐकायला हा विनोद वाटतो. पण घाबरलेल्या माणसाला घट्ट, ओल्या, अंधाऱ्या नावेत बसवून ठेवायचं, तर त्यानं हे आधीच शंभरदा ऐकलेलं असावं लागतं.

एक भीती मात्र या कुठल्याच यादीत नसते आणि ती सगळ्यांत घातक ठरू शकते. लोक काय म्हणतील! नॉक्स-जॉन्स्टनच्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा इंग्रज अभियंता तीन सांगाड्यांची नाव घेऊन उतरला होता. निघण्याची मुदत 31 ऑक्टोबर 1968. तो त्या शेवटच्या दिवशी, अर्धवट तयारीच्या नावेतून निघाला. नाव दक्षिणेच्या समुद्रात टिकणार नाही हे त्याला थोड्याच आठवड्यांत कळलं. परतावं तर नाचक्की आणि दिवाळं. मग तो अटलांटिकातच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून आपण कुठल्या कुठे पोचल्याचं खोटंच कळवू लागला. 10 जुलै 1969 ला त्याची नाव रिकामी सापडली. त्याचा पत्ता कधीच लागला नाही. नॉक्स-जॉन्स्टननं बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. ‘तयारी झाली नाही, जात नाही’ हे वाक्य बोलण्याची हिंमत दक्षिण महासागरातल्या वादळाला तोंड देण्याच्या हिमतीहून कमी दर्जाची नाही, असं ही कहाणी वाचताना वाटत राहतं.

भारतात या वाटेला सुरुवात केली ती सैन्यातल्या इंजिनिअरांनी. ‘तृष्णा’ नावाच्या 37 फुटी नावेतून 1985 ते 1987 या काळात त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्यानं जाण्याचं वेड मात्र व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचं. 1971 च्या युद्धात वीरचक्र मिळवलेला हा नौसैनिक निवृत्तीनंतर राहिला फलटणजवळच्या विंचुर्णीला, म्हणजे समुद्रापासून चांगलाच लांब, आणि तिथून नौदलाच्या मागे लागला की एका भारतीयानं भारतात बांधलेल्या नावेतून एकट्यानं जग फिरून यावं. ‘भारतात बांधलेल्या’ हा आग्रह महत्त्वाचा होता. परदेशातून तयार नाव विकत घेणं सोपं पडलं असतं. पण जी नाव आपल्या डोळ्यांदेखत उभी राहते तिचा बोल्ट न् बोल्ट माहीत होतो, आणि मध्यरात्री कुठून तरी ‘कर्र’ असा आवाज आला की तो कशाचा, हे शोधत बसावं लागत नाही.

पुढे झालेले कमांडर दिलीप दोंदे हे नौदलातले पाणबुडे अधिकारी. महासागरी शिडकामाचा म्हणण्यासारखा अनुभव नव्हता. शिकण्यासाठी ते थेट नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे गेले आणि एका जागतिक शर्यतीसाठी त्यांची नाव तयार होत असताना हाताखाली राबले. इकडे गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत 56 फुटी ‘म्हादेई’ आकार घेत होती. अशी नाव त्या गोदीनं आधी बांधली नव्हती. बांधणारा नवखा, चालवणारा नवखा! पण दोघं रोज समोरासमोर होते, आणि नाव पाण्यात पडेपर्यंत दोंदे यांना ती आतूनबाहेरून पाठ झाली होती. मग आधी सोबत्यांसह मॉरिशसपर्यंत आणि तिथून एकट्यानं परत, अशी परीक्षा झाली. 19 ऑगस्ट 2009 ला ते मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन असे चार थांबे घेऊन 19 मे 2010 ला परतले. त्यांच्यामागून त्याच ‘म्हादेई’तून अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 ला निघाले आणि कुठेही न थांबता पाच महिन्यांत मुंबईला आले. वाटेत पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळलं. देवमाशानं नव्हे, टाकीनं घात केला. म्हणजे पुन्हा ती दुसरीच यादी.

2017 मध्ये ‘तारिणी’ नावाची नाव घेऊन जगाच्या फेरीला निघालेल्या नौदलातल्या सहाजणींकडे पाहिलं तर समुद्राशी जन्माचं नातं लागतं हा समज गळून पडतो. वर्तिका जोशी उत्तराखंडच्या, प्रतिभा जामवाल हिमाचलातल्या कुलूच्या, विजयादेवी मणिपूरच्या. त्यांची तालीम गोव्यात मांडवीला, दोंदे यांच्या देखरेखीखाली झाली. मॉरिशसच्या फेऱ्या झाल्या. प्रत्यक्ष सफरीत, परतीच्या वाटेवर, सुकाणूच्या यंत्रणेनं दगा दिला तेव्हा त्यांनी मॉरिशसलाच नाव वळवली. अनोळखी बंदर नव्हतं ते. पुढे 2 ऑक्टोबर 2024 ला दिलना आणि रूपा या दोघीच ‘तारिणी’तून गोव्याहून निघाल्या आणि 29 मे 2025 ला परतल्या; त्यांना तयार केलं ते टॉमींनी. नॉक्स-जॉन्स्टनकडून दोंदे, दोंदेंकडून या मुली आणि टॉमींकडून त्यापुढच्या. गायनातल्या घराण्यासारखी ही तालीम समोर बसूनच मिळते. पुस्तकातलं वादळ आणि शेजारी बसलेल्या माणसानं सोसलेलं वादळ यांत फरक पडतो.

तयारी कितीही केली तरी समुद्र ऐकतोच असं नाही. 2018 मध्ये नॉक्स-जॉन्स्टनच्या सफरीच्या पन्नाशीनिमित्त जुन्याच साधनांनिशी शर्यत झाली. टॉमी ‘सुहैली’ची प्रतिकृती असलेल्या, गोव्यातच बांधलेल्या ‘थुरीया’तून उतरले. 21 सप्टेंबरला, पर्थच्या पश्चिमेला सुमारे 1,900 सागरी मैलांवर, वादळात नाव उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि त्यांचा पाठीचा कणा जायबंदी झाला. उठता येईना, पोटात पाणी ठरेना. पण मजकूर पाठवण्याचं यंत्र हाताशी होतं, त्यावरून नेमकी खबर गेली. नौदलाच्या विमानानं नाव हुडकली. शर्यतीतला आयरिश स्पर्धक, स्वतःची डोलकाठी मोडलेली असताना, त्यांच्या दिशेनं यायला लागला. तिसऱ्या दिवशी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्तीनौकेनं त्यांना उचललं. कण्यात धातूच्या सळया बसल्या, आणि चालणं नव्यानं शिकावं लागलं.

4 सप्टेंबर 2022 ला तेच टॉमी त्याच शर्यतीसाठी फ्रान्समधल्या ले साब्ल-दोलोन बंदरातून पुन्हा निघाले, या वेळी ‘बायनात’ नावाच्या 36 फुटी नावेतून. त्यांना मागची भीती उरली नव्हती असं मानायला काही आधार नाही. सळया तर पाठीतच होत्या. वाऱ्याच्या जोरावर आपोआप नाव हाकणाऱ्या यंत्राची पाण्यातली पाती एकामागून एक मोडू लागली. सुटे भाग संपले. तेव्हा त्यांनी नावेतलंच लाकूड कापायला काढलं, आणि त्यात शौचालयाचं दारही गेलं. ते कापून त्याचं पातं केलं आणि नाव पुढे हाकली. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉइशेफर 27 एप्रिल 2023 ला पहिल्या आल्या. दोन दिवसांनी, निघाल्यापासून 236 दिवसांनी, टॉमी दुसरे पोचले.