जादूच्या शाळेला बायकांसाठी दार नव्हतं

मैत्रिणींनो, मुखपृष्ठावर जादूगार, ड्रॅगन किंवा परग्रहावरची माणसं दिसली की आपण ते पुस्तक मुलांच्या कपाटात ठेवून मोकळ्या होतो. ‘आपल्याला काय करायचंय त्याचं!’ असं तुम्हीही म्हणत असाल. पण चातुर्मासातल्या कहाण्या ऐकतच आपण मोठ्या झालो ना? आटपाट नगर कुठल्या नकाशात सापडत नाही, तरी तिथल्या नावडतीचं दुःख आपल्याला लगेच कळतं. अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेने असंच एक नगर, नव्हे, बेटांचं अख्खं जग रचलं. त्याचं नाव ‘अर्थसी’. या जगाची सहा पुस्तकं 1968 ते 2001 या तेहेतीस वर्षांत निघाली. पण मधली तब्बल अठरा वर्षं ही मालिका अडून बसली होती. ती कशापायी अडली, हे तुम्हाआम्हाला चांगलं कळण्यासारखं आहे.

ले ग्विनबाईंचा जन्म 1929 सालचा, कॅलिफोर्नियातल्या बर्कले गावचा. वडील आल्फ्रेड क्रोबर हे नावाजलेले मानववंशशास्त्रज्ञ. आई थिओडोरा यांनी मुलं मोठी झाल्यावर लेखणी हाती घेतली, आणि त्यांचं सर्वांत गाजलेलं पुस्तक निघालं तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती! अर्सुलाने 1953 साली इतिहासाचे अभ्यासक चार्ल्स ले ग्विन यांच्याशी लग्न केलं. ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरात त्यांचा संसार मांडला गेला. दोन मुली, एक मुलगा. मुलं लहान होती तेव्हा बाईंची लिहायची वेळ म्हणजे रात्री ती झोपल्यानंतरची. नवरा मुलांचं आणि घरातलं बघायचा, म्हणून हे जमलं, असं त्या मोकळेपणाने सांगत. घर, नोकरी आणि लेखन ही तीन कामं दोघांनी वाटून घेतली तर होतात. एकटीच्या अंगावर त्यातली दोन पडली तरी निभत नाहीत, असा त्यांचा हिशेब होता.

1967 साली बर्कलेच्या पार्नासस प्रेस या प्रकाशनाने त्यांच्याकडे मोठ्या मुलांसाठी पुस्तक मागितलं. घरात तेव्हा धाकटा जेमतेम तीन वर्षांचा. बाईंच्या मनात एक साधासा प्रश्न आला. गोष्टीतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारेच का? ते कधीतरी लहान असतीलच ना? मग ते जादू शिकले कुठे? त्यांनी आधी कागदावर बेटांचा नकाशा काढला, बेटांना नावं दिली, आणि मग गोष्ट सुरू केली. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ 1968 साली बाहेर पडलं. त्याचा नायक गेड हा गाँट बेटावरचा, शेळ्या राखणारा, तांबूस-सावळ्या वर्णाचा पोरगा. तो रोक नावाच्या बेटावरच्या जादूच्या शाळेत जातो, गर्वाच्या भरात नको ती विद्या करतो आणि स्वतःच जागवलेल्या काळ्या सावलीशी झुंजतो. या जगात वस्तूचं खरं नाव ठाऊक असलं की तिच्यावर सत्ता चालते. कल्पना किती सुरेख आहे, पहा!

पण आता गंमत बघा. ही गोष्ट लिहिणारी बाई, आणि तिच्या जादूच्या शाळेत बाईला प्रवेश नाही! विद्या पुरुषांची. बायकांनी करायचं ते जडीबुटी, झाडपाला, गंडेदोरे. आणि बायकांची जादू दुबळी तरी असायची, नाहीतर दुष्ट तरी, अशी तिथली समजूत. मोठ्या जादूगाराने लग्न करायचं नाही, हेही ओघाने आलंच. पुढच्याच वर्षी, 1969 साली, बाईंची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही विज्ञानकादंबरी आली. त्यात एका बर्फाळ ग्रहावरची माणसं कायमची बाईही नाहीत नि पुरुषही नाहीत. तिथला राजासुद्धा गरोदर राहतो! ‘हे बाईचं काम’ असं म्हणायची तिथे सोयच नाही. तरी त्या सगळ्यांना बाईंनी सर्वनाम दिलं ते ‘तो’. पुढे यावरून वाचकांनी त्यांना धारेवर धरलं.

अर्थसीचं दुसरं पुस्तक ‘द टूम्स ऑफ अटुआन’ 1971 सालचं. त्यात तेनार नावाची मुलगी येते. लहानपणीच तिला आईबापांपासून तोडून पुजारीण केलेलं असतं, तिचं नावही काढून घेतलेलं असतं. देवाला सोडलेली मुलगी म्हटल्यावर आपल्याला फार काही समजावून सांगायला नको. गेडच्या सोबतीने ती त्या अंधारातून बाहेर पडते. 1972 साली तिसरं पुस्तक आलं, ‘द फार्देस्ट शोअर’. त्याला अमेरिकेतला मानाचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला.

यानंतर बाई चौथं पुस्तक लिहायला बसल्या. ते तेनारचं असणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण विद्या शिकायची संधी असताना तेनारने शेतकऱ्याशी लग्न करून चूल का धरली, याचं उत्तर काही केल्या मिळेना. लेखन तसंच बाजूला पडलं. त्या वर्षांत अमेरिकेत स्त्रीमुक्तीची चळवळ जोरात होती. बाईंनी स्त्रियांचं लेखन नव्याने वाचलं. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की ‘वीर म्हणजे पुरुष’ हा वारसा आपण जुन्या वीरकथांतून जसाच्या तसा उचलला आहे. स्वतःच्याच जगाकडे त्यांनी आजवर शाळेच्या गच्चीवरून पाहिलं होतं, घराच्या ओट्यावरून नव्हे.

अठरा वर्षांनी, 1990 साली, ‘तेहानू’ आलं. यात तेनार चाळिशीच्या घरातली विधवा आहे. मुलं मोठी झालेली. आपल्याच माणसांनी आगीत लोटलेल्या, अर्धा चेहरा जळालेल्या एका लहान पोरीला ती पदरात घेते. जगाला वाचवताना गेडची सगळी जादू खर्ची पडलेली असते. तो साधा माणूस होऊन तिच्या दाराशी येतो. पुस्तकभर शेळ्या, धुणं, स्वयंपाक, आणि बाईमाणसाला रात्री दाराशी वाटणारी भीती. एका प्रसंगी तेनारचा खलाशी मुलगा घरी येतो. ती त्याला जेवणाची भांडी आवरायला सांगते. ‘ते बायकांचं काम,’ या अर्थाचं बोलून तो उठून जातो. तेनारला वाटतं, याला वाढवण्यात आपण कमी पडलो. ड्रॅगनच्या लढाईपेक्षा हा प्रसंग वाचताना घशात आवंढा येतो, बरं का!

कित्येक वाचक नाराज झाले. त्यांना पराक्रमी गेड हवा होता. पण पुस्तकाला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळाला. पुढे 2001 साली ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ या कथासंग्रहात बाई त्या जगाच्या जुन्या इतिहासात शिरल्या. तिथे निघालं काय? रोकची ती शाळा मुळात बायका आणि पुरुष दोघांनी मिळून उभारली होती. बायकांना बाहेर काढलं ते मागाहून! त्याच वर्षी ‘दि अदर विंड’ने मालिका संपली. 2018 साली बाई गेल्या.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे : बाईंनी आधीची पुस्तकं फाडली नाहीत, खोडलीही नाहीत. त्याच घरात राहून त्यांनी भिंतीला दार पाडलं. ‘पूर्वीपासून असंच चालत आलंय’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! त्यावर ‘पूर्वी म्हणजे नेमकं कधीपासून?’ असं एकदा विचारून पाहावं.

मुलं दहा-अकरा वर्षांची असतील तर पहिलं पुस्तक त्यांच्याबरोबर वाचा. ‘तेहानू’ मात्र ती जरा मोठी झाल्यावर त्यांच्या हाती द्या. तोवर तुम्ही स्वतः वाचून घ्या. आणि मुलालाही जेवलेलं ताट उचलायला आजपासूनच सांगा. त्याला जादू लागत नाही.