मोठी केजी पुन्हा करावी का?

फेब्रुवारी सरत आला की बालवर्गाच्या शिक्षिका पालकांना भेटीस बोलावतात. एखाद्या आईला तेव्हा हलक्या आवाजात सांगितले जाते, "मूल अजून तयार वाटत नाही, मोठी केजी पुन्हा करू द्या." बँकेच्या नोकरीमुळे शिरूर व दौंड या दोन्ही गावी माझे वास्तव्य झाले. तेथील व्यापारी कुटुंबे आजही अशा वेळी मला विचारतात. घरात दोन दिवस कोणी नीट जेवत नाही, इतका हा विषय जिव्हारी लागतो.

मी प्रथम जन्मतारीख विचारतो. राज्याच्या सध्याच्या नियमानुसार ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण होणारे मूल त्याच वर्षीच्या जूनमध्ये पहिलीत बसू शकते. म्हणजे १ जानेवारी २०१९ व ३१ डिसेंबर २०१९ रोजी जन्मलेली दोन मुले २०२५च्या जूनमध्ये एकाच बाकावर. एक साडेसहाच्या घरात, दुसरे साडेपाचच्या. धाकट्याच्या आयुष्याच्या मानाने हे अंतर सुमारे अठरा टक्के होते. इतक्या फरकाकडे कोणताही व्यापारी दुर्लक्ष करणार नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल मागे वाटले, तर बहुधा ते मागे नसते, केवळ लहान असते. खरे तर अशा मुलाला नर्सरीतच एक वर्ष उशिरा घालावे. तेव्हा त्याला काही कळत नाही. मोठ्या केजीत मात्र सोबती पुढे गेल्याचे पाच वर्षांच्या मुलालाही कळते.

शाळेचा शब्द हा सल्ला असतो, आज्ञा नव्हे. सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचा पहिलीतील प्रवेश हा २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने दिलेला अधिकार आहे, आणि प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाचणी घेण्यास त्याच कायद्याचे तेरावे कलम मनाई करते. आपल्या समाजाच्या अनेक शाळांना अल्पसंख्याक दर्जा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाने अशा शाळा या कायद्याबाहेर ठेवल्या, हेही ध्यानी असावे.

त्यानंतर कारण शोधावे. दौंडच्या एका किराणा व्यापाऱ्याचा नातू वर्गात बोलत नसे. घरी मारवाडी, दुकानात मराठी, शाळेत इंग्रजी! दुकानात मात्र तो साबणाच्या वड्या दहा-दहाने मोजून लावी. शिक्षिकेची पाठीमागून मारलेली हाक त्याला ऐकू येत नाही, हे आजीच्या ध्यानी आले. डॉक्टरांना कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेले आढळले. वर्ष पुन्हा केले असते तर कान तसाच राहिला असता आणि शुल्क मात्र दुसऱ्यांदा भरावे लागले असते. उपचार झाले, मुलगा पहिलीत गेला. अक्षर अजून ओळीखाली उतरते, पण वर्गात तो बोलतो.

शिरूरच्या एका कन्येबाबत मी उलट सांगितले. जन्म डिसेंबरअखेरचा, तोही अपुऱ्या दिवसांचा. रोज सकाळी रडणे, दुपारी वर्गातच झोप. आजोबांचा आक्षेप होता, एक वर्ष वाया जाईल. मी म्हटले, शेठजी, आपण सत्तरीतही गादीवर बसता. तिच्या हिशेबात एका वर्षाची एवढी घाई कशाला? तिला त्याच वर्गात, त्याच पुस्तकांपुढे पुन्हा न बसवता घराजवळच्या लहान बालवाडीत घातले. तेथे माती, गाणी, गोष्टी होत्या.

माझा आग्रह याच गोष्टीचा आहे. तेच वर्ष तसेच पुन्हा करण्याने फारसे साधत नाही. अमेरिकेत लॉरी शेपर्ड व मेरी ली स्मिथ यांनी १९८०च्या दशकात बालवर्ग दोनदा केलेली मुले आणि तशीच, पण पुढे गेलेली मुले यांची तुलना केली. पहिलीच्या अखेरीस अभ्यासात नगण्य फरक दिसला. शाळेविषयी नावड मात्र थांबवलेल्या मुलांत किंचित अधिक होती.

फ्रेडरिक फ्रोबेल याने १८४० साली किंडरगार्टन हे नाव दिले, त्याचा अर्थ मुलांची बाग. पंडिता रमाबाईंनी १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत ही पद्धती अभ्यासली. त्यांचे मुक्ती मिशन दौंड तालुक्यातील केडगावचे. पुण्याहून दौंडला जाताना ते स्थानक लागते. पुढे ताराबाई मोडकांनी बोर्डीत व कोसबाडला बालवाडी रुजवली. यांपैकी कोणाच्याही कल्पनेत बालवर्गात नापास होणे नव्हते. चार ओळींच्या वहीने ते आणले, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून शाळेने सुचवलेच, तर मुख्याध्यापिकांना विचारावे: पुढील वर्षी या मुलासाठी आपण वेगळे काय करणार? उत्तर लेखी मागावे. कान व डोळे तपासून घ्यावेत, आणि हे सारे मार्चमध्येच उरकावे, म्हणजे दुसरी शाळा पाहण्यास वेळ मिळतो. मुलासमोर ही चर्चा नको, पाहुण्यांसमोर तर मुळीच नको.