यादीतली पहिली भाषा

सकाळी ८.१०
हिंजवडीची बस खच्चून भरलेली. ती दांडा धरून उभी आहे. सॅकमध्ये डबा, पाण्याची बाटली आणि चार्जिंगच्या तीन केबली. काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, नेमणूक कंत्राटी. सुट्टी घेतली की त्या दिवसाचा पगार कापला जातो.

९.४०
टेबलावर सहा फोन, सगळे वापरलेले. एकाची काच तडकलेली. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने नंबर. ॲप कर्जाचे हप्ते भरण्याचं आहे. ते उघडताक्षणी माणसाची भाषा ओळखतं का, हे आज बघायचं. ती पहिल्या फोनचं सेटिंग उघडते, भाषांच्या यादीत मराठीवर बोट दाबून धरते आणि ओढून इंग्रजीच्या वर नेते. अँड्रॉइडमध्ये ही पसंतीची यादी २०१६ साली, सातव्या आवृत्तीत आली.

१०.३०
ॲप उघडतं ते हिंदीत. ती शेजारच्या डेव्हलपरला बोलावते.
"अरे, फोन मराठीत आहे. हिंदी कुठून आली?"
"लोकेशन भारत आलं, म्हणून हिंदी लावली."
"लोकेशन कशाला बघतोस? फोन यादी देतोय ना? ती वरून खाली वाच."

११.४५
डेव्हलपरने लोकेशनची अट काढली. दुसरा फोन. भाषा मराठी, प्रदेश जर्मनी. तिकडे नोकरीला गेलेल्या मराठी माणसाचा फोन असा असू शकतो. ॲप इंग्रजीत उघडतं. कारण सापडतं: प्रोग्राम 'मराठी–भारत' ही जोडीच शोधतो, नाही मिळाली की थेट इंग्रजीवर जातो. प्रदेश जुळला नाही तर तो सोडून नुसती मराठी शोधायला हवी. ती हे तक्रारीत पायरी-पायरीने लिहिते.

मग वेबसाइट. ब्राउझर पान मागताना भाषांची यादी पाठवतो, पसंतीच्या आकड्यांसह. ती यादी हाताने भरते: कोंकणी १, मराठी ०.८, इंग्रजी ०.५. साइटवर कोंकणी नाही, म्हणजे पान मराठीत यायला हवं. येतं.

१.३०
डब्यात भाकरी आणि मेथी. टपरीवर चहा, १५ रुपये.

२.१५
आता आकडे. मराठीत थकबाकी १२,३४,५६७ अशी दिसायला हवी, १,२३४,५६७ अशी नाही. तारीख ३/४. भारतात ती ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. हप्त्याच्या तारखेत हा घोळ झाला तर दंड कर्जदाराला बसतो.

सॉफ्टवेअरवाले भाषांची माहिती युनिकोडच्या सीएलडीआर या भांडारातून घेतात. त्यात मराठीसाठी देवनागरी अंकच ठरवलेले आहेत, त्यामुळे ॲप हप्ता '५००' असा दाखवतं. ती रकमेच्या चौकटीत तसंच ५०० टाइप करते. लाल अक्षरं येतात: 'रक्कम चुकीची आहे.' स्वतः दाखवलेला अंक ॲपला वाचता येत नाही. दिवसातली सर्वांत मोठी तक्रार ही.

५.००
दुरुस्त केलेलं ॲप येतं. सहाही फोनवर पुन्हा तेच. भाषा बदल, ॲप बंद कर, साठलेला डेटा पूस, उघड, फोटो काढ. मान अवघडते. एक तपासणी उरते: ॲपमध्ये कुणी हाताने भाषा निवडली, तर तीच चालली पाहिजे, यादी काहीही म्हणो. चालते.

७.१०
देवनागरी अंकांची तक्रार उद्यावर गेली. बाकीच्या मिटल्या. ती केबली गुंडाळते.

तिच्या दिवसभराच्या कामाचा उपयोग यादीत किंवा ॲपमध्ये मराठी निवडलेली असेल तरच. दोन्हीकडे ती नसेल, तर तुम्हाला मराठी हवी हे ॲपला कळायला मार्ग नाही. सेटिंग उघडा आणि मराठी सगळ्यांत वर आणा.