डिलीट करण्याआधी एकदा ऐका!

फोनचं स्टोरेज फुल झालं की साफसफाई सुरू होते. आधी जातात ‘शुभ सकाळ’चे फोटो, मग दहावीच्या नोट्सच्या पीडीएफ, मग एकाच पोझमधले सतरा सेल्फी. आणि अगदी तळाशी सापडतात ‘न्यू रेकॉर्डिंग ७’, ‘गाणं फायनल’, ‘गाणं फायनल खरंच’ अशा नावांच्या फाइल्स. त्यातली एक सहज प्ले होते आणि दहा सेकंदांत कान लाल! ‘ई, हा माझा आवाज? आणि हे मी ग्रुपवर पाठवलं होतं?’ अंगठा थेट कचऱ्याच्या डब्याकडे वळतो.

थांबा की जरा!

आज कॉलेजात असलेल्या अनेकांची पहिली रेकॉर्डिंग्ज २०२०च्या लॉकडाऊनमधली आहेत. शाळा स्क्रीनवर, मित्र लांब आणि हातात नवी कोरी युकुलेले किंवा ताईची धूळ खात पडलेली गिटार. यूट्यूबवरून चार कॉर्ड शिकायचे, पंखा बंद करायचा, डोक्यावर गोधडी घ्यायची आणि ‘आई, पाच मिनिटं मिक्सर नको ना!’ असं ओरडून रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबायचं. तो गोधडीचा जुगाड बरोबरच होता बरं का! जाड कापड आवाज शोषून घेतं, त्यामुळे भिंतींवर आपटून येणारा घुमारा कमी होतो. स्टुडिओच्या भिंतींना फोम लावतात तो त्यासाठीच.

तेव्हाचे हे हौशी गायक-वादक आता युवा महोत्सवासाठी समूहगान बसवतायत, कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतायत. काहींची गिटार पुन्हा कपाटावर गेलीय. जुन्या फाइल्स ऐकायची धास्ती मात्र दोघांनाही सारखीच.

इतकं परकं का वाटतं?

बोलताना किंवा गाताना आपला आवाज आपल्यापर्यंत दोन वाटांनी येतो. एक हवेतून कानात आणि दुसरी कवटीच्या हाडांमधून थेट आतल्या कानात. हाडं खालचे, भरदार आवाज जास्त चांगले पोचवतात. रेकॉर्डिंगमध्ये ही दुसरी वाटच बंद असते, म्हणून आपलाच आवाज पातळ आणि परका वाटतो. बाकी जगाला मात्र तो कायम तसाच ऐकू येत आलाय!

त्यात फोनचा रेकॉर्डर मुळात बोलणं टिपायला बनवलेला. बरेचदा हळू आवाज तो आपोआप वाढवतो, मोठा आवाज दाबतो आणि एकसारखा चालू असलेला आवाज त्याला गोंगाट वाटू शकतो. ॲपवर तानपुरा लावून गायलं, तर तो रेकॉर्डिंगमध्ये मध्येच बुडाल्यासारखा वाटतो, त्याचं एक कारण हे. म्हणजे तेव्हाच्या कच्चेपणातला थोडा वाटा मशीनचाही होता. सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घ्यायचं कारण नाही.

खिशातली कॅसेट

घरी केलेलं रेकॉर्डिंग म्हणजे कच्चं, खरं काम स्टुडिओत, असं आपण धरून चालतो. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनलाही तसंच वाटलं होतं. तो तेव्हा मोठा स्टार होता. १९८२च्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात त्याने काही गाणी टेप केली. साधन काय, तर टीॲक कंपनीचा चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज एकमेकांच्या जोडीला टिपणारं हे यंत्र १९७९मध्ये आलं आणि घरी बसून गाणं तयार करणं हौशी मंडळींच्या आवाक्यात आलं. स्प्रिंगस्टीनला बँडला ऐकवायला फक्त एक खर्डा हवा होता. ती कॅसेट तो कव्हरशिवाय खिशात टाकून हिंडायचा.

मग स्टुडिओत बँडसोबत तीच गाणी नव्याने केली. वाजवणारे तरबेज, मशीन भारी, पण कॅसेटवर जे होतं ते काही केल्या येईना. शेवटी ती कॅसेटच अल्बम म्हणून काढायचं ठरलं. सप्टेंबर १९८२मध्ये आलेला ‘नेब्रास्का’ तो हाच. २०२५मध्ये त्या दिवसांवर सिनेमा आला आणि बँडसोबतची, तेव्हा बाजूला ठेवलेली रेकॉर्डिंग्जही प्रसिद्ध झाली. आता दोन्ही शेजारी ठेवून कुणीही ऐकू शकतं.

जुनं गाणं आजच्या तयारीने पुन्हा करून बघायला काहीच हरकत नाही. जरूर करा. पण नवं छान झालं म्हणून जुनं पुसू नका. जुन्यात आवाज हलतो, कॉर्ड बदलताना मध्येच गाडी थांबते, पण शब्द कुणाला तरी सांगायचे होते हे ऐकू येतं. नव्यात ताल घट्ट असतो आणि कधी कधी एवढंच ऐकू येतं, की आपण ताल सांभाळतोय.

एकच तबकडी

१२ जुलै १९५८. लिव्हरपूलमध्ये पर्सी फिलिप्स नावाच्या गृहस्थांनी घरातच एक छोटा स्टुडिओ थाटला होता. तिथे पाच पोरं आली. बँडचं नाव ‘द क्वॉरीमेन’. जॉन लेनन १७ वर्षांचा, पॉल मॅकार्टनी १६चा, जॉर्ज हॅरिसन १५चा, सोबत पियानोवर जॉन लो आणि ड्रम्सवर कॉलिन हँटन. दोन गाणी झाली आणि हातात आली एकच तबकडी. पाचजणांनी ती आळीपाळीने घरी न्यायची असं ठरलं. फिरत फिरत ती जॉन लोकडे पोचली आणि तिथेच राहिली, वीसेक वर्षं! तोवर त्यातल्या तिघांचं ‘बीटल्स’ होऊन सगळ्या जगाला वेड लावून झालं होतं. १९८१मध्ये मॅकार्टनीने ती तबकडी लोकडून विकत घेतली आणि १९९५मध्ये ती गाणी ‘अँथॉलॉजी १’मधून लोकांसमोर आली.

हे टिकलं कशामुळे? एका मित्राने ती वस्तू फेकली नाही, एवढ्यामुळे. तुमच्या फोनमधून गेलेलं एखादं गाणंही शाळेतल्या जुन्या मित्राच्या चॅटमध्ये पडून असू शकतं. एक मेसेज करून बघा.

‘नॉइज’ म्हणजे नक्की काय?

याच बीटल्सची आणखी एक गोष्ट. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लेननने न्यूयॉर्कमधल्या घरी पियानोवर एक गाणं कॅसेटवर टिपून ठेवलं. १९८०मध्ये त्याची हत्या झाली. १९९४मध्ये योको ओनोने ती टेप मॅकार्टनीला दिली. उरलेल्या तिघांनी ते गाणं पूर्ण करायचा प्रयत्न केला, पण आवाज पियानोत दबलेला आणि टेपवर गुणगुण. नाद सोडावा लागला. पुढे मशीन लर्निंगच्या मदतीने आवाज आणि पियानो वेगळे करणं जमलं आणि नोव्हेंबर २०२३मध्ये ‘नाऊ अँड देन’ प्रसिद्ध झालं. त्याला ग्रॅमीही मिळालं. हे जमलं, कारण ती खराब टेप तोवर कुणीतरी सांभाळून ठेवली होती.

अशा प्रकारची सोय आता आपल्या फोनवरही आलीय. एक टॅप आणि मागचा गोंगाट गायब! पण आपल्या फाइलमधल्या गोंगाटात काय काय असतं? कुकरची तिसरी शिट्टी. खालून जाणारा भंगारवाला. ‘अगं, जेवायला चल, भाजी गार होतेय,’ म्हणणारी आजी. गाण्याच्या क्लासमध्ये रेकॉर्ड केलं असेल, तर चुकलेल्या जागेवर ‘पुन्हा घे’ म्हणणाऱ्या बाई. २०२०नंतर कित्येक घरांतली माणसं कमी झाली. काहींच्या बाबतीत त्यांचा आवाज फक्त आपल्या बेसूर गाण्यामागे उरलाय. ॲपसाठी तो नॉइज. आपल्यासाठी? म्हणून साफ केलेली कॉपी वेगळी सेव्ह करा आणि मूळ फाइलला हात लावू नका.

सगळ्याच जुन्या रेकॉर्डिंग्जमध्ये हिरा दडलेला नसतो, हेही खरं. बहुतेक बेसूरच असतात. तरी त्या एकदा वही-पेन घेऊन ऐका. कुठल्या पट्टीत गात होतो, कुठे श्वास संपायचा, कुठल्या कॉर्डला अडायचो, हे लिहा आणि आजच्याशी ताडून बघा. रोज रियाज करताना प्रगती दिसत नाही. तिथे ती अशी समोर येते. आणि एखादी जागा तेव्हाच जास्त छान लागली होती असं दिसलं, तर तीही प्रामाणिकपणे नोंदवा.

जपायचं कसं?

फाइल्स एकाच फोनवर ठेवू नका. एक कॉपी क्लाऊडवर, एक हार्ड डिस्कवर. पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून नको, तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दर्जा उतरत नाही.

मग आई-बाबांकडे वळा. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतल्या कॅसेट घरात कुठेतरी असतीलच. कॅसेटच्या कडेचे प्लॅस्टिकचे छोटे तुकडे मोडलेले दिसले, तर समजा, ती जपायची होती. ते मोडले की टेप रेकॉर्डरवर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होत नसे. आणि तिथे सेलोटेप चिकटवलेली असेल, तर त्यावर पुन्हा काहीतरी भरलंय! टेप वर्षानुवर्षांत खराब होते, त्यामुळे फार वाट पाहू नका. चालू स्थितीतला टेप रेकॉर्डर शोधा, त्याच्या हेडफोनच्या जागेतून केबल लॅपटॉपला जोडा आणि ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत सॉफ्टवेअरवर उतरवून घ्या. बाबांचा विशीतला आवाज ऐकताना त्यांचेही कान लाल होतील. बघाच!

शेवटचं आणि सगळ्यांत सोपं काम. त्या ‘न्यू रेकॉर्डिंग ७’ला नाव द्या. तारीख, गाणं, कुठली खोली आणि मागे कोण बोलतंय, एवढं लिहा. आज सगळं आठवतंय. दहा वर्षांनी तो आवाज मावशीचा की आत्याचा, यावरून घरात वाद होईल.