नांवानें कीं जागेनें ?

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

दोन महिन्यांपूर्वींची गोष्ट. रात्रीचें जेवण उरकून मी वर्तमानपत्र चाळीत बसलों होतों. इतक्यांत आंतून प्रश्न आला, "अहो, रक्तदाबाची गोळी अर्धी केव्हांपासून झाली ?" मी म्हटलें, "अर्धी नाहीं, पुरी." "मग तुमच्या यादींत ती तांबडी कां दिसते ?" मी चष्मा सांवरीत उठलों, संगणकाच्या पडद्यावरची यादी पाहिली आणि अंगाला दरदरून घाम सुटला.

घरच्या औषधांची ती यादी मीं स्वतःच एका वेबपानावर मांडिली होती. औषधें पांच. त्यांतलें तिसरें रक्त पातळ करणारें, आणि त्याची अर्धीच गोळी घ्यावयाची. चूक होऊं नये म्हणून ती ओळ मीं तांबड्या रंगानें रंगविली होती, व 'तांबडी ओळ म्हणजे अर्धी गोळी' असा घरांत संकेत ठरला होता. त्या दिवशीं डॉक्टरांनीं जेवणापूर्वीं घेण्याचें एक नवें औषध दिलें; तें मीं यादीच्या अगदीं आरंभीं घातलें. तांबडा रंग आपल्या तिसऱ्या जागीं बसून राहिला, आणि औषधें मात्र एकेक पायरी खालीं सरकलीं. रक्तदाबाची पुरी गोळी रंगांत आली. जी अर्धी घ्यावयाची ती साध्या ओळींत जाऊन बसली. पत्नीची स्मरणशक्ति माझ्या यादीपेक्षां अधिक विश्वासू, म्हणून निभावलें.

संगणकाची यांत कांहीं चूक नव्हती. मीं सांगितलें तेंच त्यानें केलें. मीं सांगितलें होतें, 'तिसऱ्या ओळीला तांबडा रंग दे.' मला म्हणावयाचें होतें, 'अर्ध्या गोळीच्या ओळीला तांबडा रंग दे.' या दोन वाक्यांतील अंतर हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. मी कांहीं या शास्त्रांतला पंडित नव्हें. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण आणि सारी हयात शाळामास्तरकींत गेलेली. निवृत्तीनंतर नातीच्या हाताखालीं हें वेबपान लिहावयास शिकलों. तेव्हां विद्यार्थी या नात्यानेंच बोलतों आहें.

शाळेंत नवा मास्तर येतो तेव्हां त्याला मुलांचीं नांवें ठाऊक नसतात. तो म्हणतो, 'दुसऱ्या बाकावरचा पहिला, ऊठ.' महिन्याभरानें तोच नांवानें हांक मारूं लागतो. वेबपानाला रंगरूप देतांना नेमके हेच दोन मार्ग आपल्यापुढें असतात. पानावरील मजकूर एच. टी. एम. एल. या लिपिबद्ध मांडणींत असतो. त्याचा पोशाख, म्हणजे रंग, अक्षरांचा आकार, समास, रेषा, हीं सर्व सी. एस. एस. नांवाच्या वेगळ्या आज्ञापत्रांत लिहितात. ही कल्पना १९९४ सालीं जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत काम करणाऱ्या हॉकॉन विउम ली या नॉर्वेच्या गृहस्थानें मांडली, आणि १९९६ च्या डिसेंबरांत तिची पहिली प्रमाण आवृत्ति निघाली. आज्ञापत्रांतील प्रत्येक आज्ञेचे दोन भाग असतात : कोणाला, आणि काय. 'कोणाला' या भागास सिलेक्टर म्हणतात. आपण त्याला निवडसूत्र म्हणूं. आपल्याला आज केवळ त्याचाच विचार कर्तव्य आहे.

निवड करण्यापूर्वीं पानाचें कुटुंब समजावून घेतलें पाहिजे. यादी ही आई, तींतील ओळी हीं तिचीं मुलें, आणि त्या ओळी एकमेकींच्या बहिणी. पान कितीहि मोठें असो, हें नातें सर्वत्र लागूं असतें. जागा मोजावयाची ती नेहमीं एका आईच्या मुलांतच. शेजारच्या घरचीं मुलें हिशेबांत येत नाहींत. एका पानावर तीन याद्या असल्या आणि 'पहिल्या ओळीला' म्हणून आज्ञा केली, तर तिन्ही याद्यांतील पहिल्या ओळी रंगतात. नवशिका येथें पहिल्यांदा गोंधळतो. मीहि गोंधळलों होतों.

आतां प्रत्यक्ष सूत्रें. तीं रोमन लिपींत लिहावीं लागतात, आणि नभोवाणीवरून अक्षरें दाखवितां येत नाहींत. म्हणून त्यांचे उच्चारच सांगतों. 'फर्स्ट-चाइल्ड' म्हणजे आईचें पहिलें मूल. हें सूत्र १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तींत आलें. त्याच आवृत्तींत 'अधिक' चिन्हाचेंहि सूत्र आलें. त्यानें मथळ्याला लागूनच येणारा परिच्छेद तेवढा निवडतां येतो. 'लास्ट-चाइल्ड' म्हणजे शेवटचें मूल. प्रत्येक ओळीखालीं रेघ हवी, पण शेवटच्या ओळीखालीं नको, अशा वेळीं हें फार उपयोगीं पडतें. या कुटुंबांतला कर्ता पुरुष मात्र 'एन्थ-चाइल्ड'. त्याच्यापुढें कंसांत आंकडा घालावयाचा. तीन घातला कीं तिसरें मूल. 'लास्ट-चाइल्ड' आणि 'एन्थ-चाइल्ड' ज्या तिसऱ्या आवृत्तींत आलीं, ती २०११ सालीं प्रमाण म्हणून मान्य झाली.

परंतु कंसांत नुसता आंकडाच घालावा असें नाहीं. सूत्रहि घालतां येतें. 'दोन एन अधिक एक' असें लिहिलें, तर एनच्या जागीं क्रमानें शून्य, एक, दोन, तीन असे आंकडे घालून पाहावे : १, ३, ५, ७. सर्व विषम ओळी निवडल्या गेल्या. नुसतें 'दोन एन' म्हटलें कीं सम ओळी. 'तीन एन अधिक एक' म्हटलें कीं १, ४, ७, १०. भास्कराचार्यांच्या लीलावतींतील श्रेढी ज्यांनीं शाळेंत गिरविली असेल, त्यांना हें परकें वाटणार नाहीं. 'उणें एन अधिक तीन' ही तर मोठी मौज आहे : ३, २, १, मग शून्य, मग उणें एक. शून्यावें मूल कोणाच्याच घरीं नसतें. म्हणून पहिलीं तीनच मुलें हातीं राहातात. परीक्षेच्या निकालपत्रकांत पहिल्या तिघांच्या ओळी ठळक करावयाच्या, तर एवढें पुरतें. मात्र नांवें गुणानुक्रमानें लाविलेलीं असावींत.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. आतां एक खांचखळगा. श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल घ्यावी आणि सहा वस्तू एकाखालीं एक लिहाव्या : मथळा, परिच्छेद, चित्र, परिच्छेद, परिच्छेद, परिच्छेद. 'परिच्छेद, फर्स्ट-चाइल्ड' अशी आज्ञा केली तर कोणता परिच्छेद रंगेल ? बहुतेक जण म्हणतील, वरून दुसऱ्या जागेवरचा, कारण परिच्छेदांत तो पहिला. पण रंगत कांहींच नाहीं ! ब्राउझर आधीं पाहातो कीं ही वस्तु परिच्छेद आहे काय, आणि त्याबरोबरच पाहातो कीं ती आईचें पहिलें मूल आहे काय. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच निवड. पहिलें मूल तर मथळा आहे. म्हणून हात रिकामे. कवायतीच्या रांगेंत 'जो दुसरा असेल आणि मुलगा असेल, त्यानें पुढें यावें' असें सांगितलें, आणि दुसऱ्या जागीं मुलगी उभी असली, तर कोणीच पुढें येणार नाहीं. 'मुलग्यांतला दुसरा' ही गोष्ट वेगळी. त्यासाठीं 'एन्थ-ऑफ-टाइप' हें निराळें सूत्र आहे. तें एकाच प्रकारच्या भावंडांना मोजतें. आपल्या कागदावर 'परिच्छेद, एन्थ-ऑफ-टाइप दोन' म्हटलें तर वरून चौथी वस्तु निवडली जाईल. 'परिच्छेद, एन्थ-चाइल्ड दोन' म्हटलें तर दुसरी. सूत्रें दिसावयास जुळीं, पण हिशेब निराळा.

दुसरा खळगा हजेरीपटाचा. पटावर नांव असतें, पण मुलगा वर्गांत नसतो. तरी त्याचा क्रमांक कोणी दुसऱ्याला देत नाहीं. तसेंच येथें. पानावरील एकादी ओळ आपण डोळ्यांआड केली, तरी ती कुटुंबांतून जात नाहीं आणि मोजणींत धरली जाते. मोठ्या तक्त्यांत एक ओळ पांढरी, एक करडी अशी पट्टेरी रचना करतात, ती डोळ्याला ओळ सांपडावी म्हणून. त्यांतल्या कांहीं ओळी झांकल्या कीं मध्येंच दोन करड्या ओळी शेजारीं शेजारीं येतात, आणि वाचणाऱ्याला वाटतें कीं कांहींतरी बिघडलें. यावर तोड निघाली आहे. 'एन्थ-चाइल्ड'च्या कंसांतच 'ऑफ' हा शब्द घालून 'यांतल्या अमुक चिठ्ठीवाल्यांनाच मोज' असें सांगतां येतें. ही सोय सर्व प्रमुख ब्राउझरांत एकत्रपणें मिळूं लागली ती २०२३ सालीं.

'चिठ्ठी' हा शब्द आला, तेव्हां आतां मूळ मुद्द्याकडे वळतों. वेबपानाच्या कोणत्याहि घटकाला 'क्लास' नांवाची एक चिठ्ठी चिकटवितां येते. क्लास म्हणजे वर्ग खरा. पण येथें इयत्ता नव्हे, तर ओळखीचें नांव. तें देवनागरींतहि लिहिलें तरी चालतें. चिठ्ठी त्या घटकाच्या अंगावर असते. तो वर जावो वा खालीं, ती त्याच्याबरोबर जाते. जागेवरून निवड करण्याच्या मार्गांत चिठ्ठ्या लिहिण्याचा खटाटोप वांचतो, हा त्याचा मोठा गुण. पूर्वीं पट्टेरी तक्ता करावयाचा तर एकाआड एक ओळीला हातानें चिठ्ठी लावावी लागे, आणि मध्यें एक ओळ घातली कीं खालच्या सगळ्या चिठ्ठ्या बदलाव्या लागत. आज एका सूत्रांत तें काम होतें. नवी ओळ कोठेंहि घाला, पट्टे आपोआप नीट बसतात. असें कां व्हावें ? कारण तेथें रंगाचा संबंध जागेशींच आहे. करड्या ओळींत कोणाचें नांव आहे याला कांहीं महत्त्व नाहीं.

माझ्या यादींत तसें नव्हतें. तांबड्या रंगाचा संबंध औषधाशीं होता, जागेशीं नव्हता. आणि मीं तो जागेशीं बांधला. सर्व प्रकार नातीला सांगितला तेव्हां ती म्हणाली, "आजोबा, ओळ हलली तर रंगानें तिच्याबरोबर जायला हवं कीं जागेवर थांबायला हवं, एवढंच आधीं ठरवायचं." हजारों मुलांना मीं शिकविलें, पण इतक्या थोडक्या शब्दांत धडा मला कधीं सांगतां आला नाहीं. रंगानें बरोबर जावयाचें असेल तर चिठ्ठी लावावी. जागेवर थांबावयाचें असेल तर मोजणीचें सूत्र वापरावें.

त्याच रात्रीं आम्ही यादी दुरुस्त केली. त्या ओळीला 'अर्धी-गोळी' अशी चिठ्ठी लाविली आणि तांबडा रंग त्या चिठ्ठीशीं बांधला. पट्टे होते तसेच मोजणीवर ठेविले. शिवाय त्या ओळींतच औषधाच्या नांवापुढें 'अर्धी गोळी' हे दोन शब्द स्पष्ट लिहिले. कारण ज्याची दृष्टि गेली आहे व जो यंत्राकडून पान वाचून घेतो, त्याला रंग ऐकूं येत नाहीं. आणि कागदावर काळ्या शाईंत छापून घेतलें तर रंग तेथेंहि पोंचत नाहीं. पोशाखावर अर्थाचें ओझें टाकूं नये, हें मला या वयांत कळलें.

गेल्या आठवड्यांत आणखी एक औषध बदललें. मीं नवी ओळ मध्येंच घातली आणि श्वास रोखून पडद्याकडे पाहिलें. पट्टे आपापल्या जागींच राहिले, आणि तांबडा रंग आपल्या औषधाबरोबर बिनचूक खालीं गेला. आंतून कांहीं प्रश्न आला नाहीं.