ताप उतरल्यावर

ताप उतरला की घरातील मंडळींत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "अजून लंघनच बरे!" दुसरा शिऱ्याची बशी घेऊन उभा. मी पेजेच्या पक्षाची.

तापात अंगाची उष्णता एक अंश सेल्सिअसने चढली, की शरीराचा खर्च शेकडा १० हून अधिक वाढतो. आणि नेमकी तेव्हाच आवक बंद! तापकऱ्याला उपाशी ठेवण्याची रीत सर्रास होती, त्या काळात डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज (१७९६–१८५३) यांनी त्याला खाऊ घालण्याचा आग्रह धरला होता.

आरंभी तांदळाची सरसरीत पेज, मीठ आणि थेंबभर साजूक तूप. मग मुगाचे कढण. तोंडाला चव आली की गुरगुट्या भात-मेतकूट. सोबत लिंबाच्या लोणच्याची फोड मी तरी नाकारणार नाही. चकल्यांचा डबा मात्र फडताळातच राहू द्यावा, दिवाळी असली तरी.

पाणी मागण्याची वाट पाहू नये. जुलाब होत असतील तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजावे. पाणी वाढवूनही लघवी गडदच राहिली, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.