चाकापाशी पोचणारे बळ
(जीपचे इंजिन : लेखांक नववा)

इंजिन बदलल्यावर नोंदणी पुस्तकावरचा इंजिन क्रमांक कसा बदलून घ्यावा, त्यासाठी परिवहन कार्यालयात कोणती दरखास्त द्यावी, हा सर्व तपशील या लेखांकात देण्याचे मी कबूल केले होते. परंतु मधल्या आठवड्यात उमरीकडच्या एका शेतकरी वाचकांचे पत्र आले आणि त्यांचा प्रश्न इतका मूलगामी निघाला, की दप्तराचा तो मामला एक आठवडा तहकूब ठेवणेच मला इष्ट वाटते. त्यांच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये त्यांनी डीआय डिझेल इंजिन बसवून घेतले. ट्रॅक्टरचे बळ येईल, असा हवाला मिस्त्रीने दिला होता. आता सडकेवर गाडी झकास पळते, पण पूर्वी ज्या रानातून ती बिनबोभाट बाहेर यायची तिथेच दम टाकते. इंजिन मोठे आणि ओढ कमी, हे कसे, असे ते विचारतात.

मिस्त्रीचे म्हणणे खोटे नव्हते. महिंद्रांनी 1963 साली इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत ट्रॅक्टरचा कारखाना काढला, आणि त्या वेळच्या बी-275 ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या वंशातलेच हे जीपचे डीआय इंजिन होय. सिलिंडरचा व्यास वाढवून ते 2523 घनसेंटिमीटरचे झाले, पण पिस्टनची चाल ट्रॅक्टरच्या वेळी होती तीच, चार इंच, राहिली. भोकरच्या कोणत्याही मिस्त्रीला त्याचा आवाज ओळखीचा वाटतो, तो या नात्यामुळेच. याच्या शेजारी जीपमध्ये बसणारे दुसरे इंजिन, पेजोचे एक्सडीपी 4.90, ठेवून पाहावे. या नावातच त्याचा ठावठिकाणा आहे : चार सिलिंडर, आणि प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर. हे 2112 घनसेंटिमीटरचे इंजिन सुमारे 62 अश्वशक्तीचे, आणि 2010 साली आलेल्या थारच्या डीआय आवृत्तीतले इंजिन 63 अश्वशक्तीचे. म्हणजे कागदावर दोघे जवळजवळ जुळे भाऊ. परंतु पेजो ही शक्ती मिनिटाला 4500 फेऱ्या मारून मिळवतो आणि डीआय 3200 फेऱ्यांतच ती हातात ठेवतो. अश्वशक्ती म्हणजे पीळ (टॉर्क) आणि फेऱ्या यांचा गुणाकार असल्याने, कमी फेऱ्यांत तेवढीच शक्ती देणाऱ्याच्या अंगात पीळ अधिक असलाच पाहिजे. आणि तसा तो आहे. पेजोचा जास्तीत जास्त पीळ सुमारे 120 न्यूटन-मीटर, डीआयचा 182.5, आणि तोही 1500 ते 1800 फेऱ्यांच्या दरम्यान, जिथे पेजोला नुकती कुठे जाग येत असते.

मग उमरीच्या गाडीचे बळ गेले कुठे? ते इंजिनात हरवलेले नाही, वाटेत हरवले आहे. जुन्या पेट्रोल जीपचे हरिकेन इंजिन 4000 फेऱ्यांना सुमारे 75 अश्वशक्ती देई आणि 2000 फेऱ्यांना सुमारे 155 न्यूटन-मीटर पीळ. हा पीळ चाकापर्यंत जाताना तीन ठिकाणी वाढत जातो : पहिल्या गिअरमध्ये 2.8 पट, फोर बाय फोरच्या लो गिअरमध्ये 2.46 पट, आणि शेवटी क्राऊन-पिनियनमध्ये 5.38 पट. तिन्हींचा गुणाकार 37 होतो. इंजिनातून निघालेले 155 चाकापाशी पोचेपर्यंत, घर्षणाची वजावट सोडून, सुमारे 5700 झालेले असतात. जमिनीला लागतो तो हा आकडा.

आता डीआय बसवले आणि बाकी सरंजाम तसाच ठेवला, तर चाकापाशी 6700 च्या वर मिळतील, म्हणजे सुमारे अठरा टक्के अधिक. परंतु नवे इंजिन 3200 फेऱ्यांपुढे नेण्याजोगे नाही, म्हणून सडकेवरचा वेग एक पंचमांशाने उतरतो. नांदेडला जाता-येता हे मालकाला सलते. तो मिस्त्रीकडे जातो, आणि मिस्त्री पुढच्या-मागच्या दोन्ही हाऊसिंगमध्ये 5.38 च्या जागी 4.27 चा क्राऊन-पिनियन बसवून देतो. वेग अगदी पहिल्याइतका परत येतो. हिशेब करून पाहावा, 4000 भागिले 5.38 आणि 3200 भागिले 4.27 यांची उत्तरे हाताशी हात लावून येतात. पण त्याच सौद्यात 37 पटींच्या 29 पटी होतात, आणि चाकापाशी पोचतात जेमतेम 5400. ज्या इंजिनाच्या बळावर सगळा खर्च केला, ते रानात जुन्या पेट्रोल इंजिनाहून उणे ठरते. शिवाय ते अंगाने जड, म्हणून पुढच्या कमानी बसतात आणि भोकरची काळी चिखलट जमीन पुढची चाके आधी गिळते.

हे सारे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका स्नेह्यांची जीप हस्ताच्या पावसात कापसाच्या रानात पोटापर्यंत रुतली होती, आणि क्लच जळाल्याचा वास बांधापर्यंत येत होता. इंजिन नवे, पंप नवा, नोझल तपासलेले. दोष कशात ते कुणालाच सांगता येईना. गाडी ट्रॅक्टरने ओढून आणल्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गिअर न्यूट्रलमध्ये टाकला, मागचे एकच चाक जॅकवर उचलले, टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची एकेक रेघ ओढली आणि चाक हाताने सावकाश दोन फेरे फिरवले. एक चाक जमिनीवर अडलेले असले की डिफरन्शियलमुळे मोकळे चाक दुप्पट फिरते, म्हणून दोन फेरे. मी शाफ्टवरची रेघ मोजत बसलो होतो : एक, दोन, तीन, चार, आणि चवथ्यानंतर पाव फेरा होतो न होतो तोच चाक थांबले. म्हातारबाबांनी खडू कानामागे ठेवला आणि मालकाला विचारले, जुना जोड विकला का ठेवला?

तो ठेवलेला होता. सरकीच्या पोत्यांमागून तो बाहेर काढला, रॉकेलने धुतला. मोठ्या चक्राला 43 दाते, पिनियनला 8. उमरीच्या वाचकांनीही हीच परीक्षा आधी करावी आणि आकडा मला कळवावा. सव्वाचार आला, तर इंजिनाला हात लावू नये, जुना जोड परत बसवावा. पुढच्या-मागच्या दोन्ही हाऊसिंगमध्ये जोड सारखाच हवा, ही खबरदारी मात्र घ्यावी. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरा राहिला, तर फोर बाय फोर टाकताच दोन्ही धुरे एकमेकांशी झगडू लागतात.

आमच्या स्नेह्यांची जीप त्यानंतरच्या पावसाळ्यात त्याच रानातून लो गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवर पाय न वाढवता, चिखल उडवत बाहेर आली. सडकेवर ती आता ऐंशीच्या पुढे जात नाही, आणि नांदेडला निघताना ते घरून पाव तास आधी निघतात.